साठ सेकंदांचा बोर्ड : बास्केटबॉल कोचच्या हातातल्या पाटीची पारख

टाइम-आउट साठ सेकंदांचा असतो. फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनुसार पन्नासाव्या सेकंदाला स्कोअररच्या टेबलावरून इशाऱ्याचा भोंगा वाजतो. खेळाडू बेंचपर्यंत चालत येतात, बसतात, पाण्याची बाटली तोंडाला लावतात, यात दहा-बारा सेकंद जातात. उरतात पस्तीस-चाळीस. त्यातही धापा टाकणाऱ्या माणसाचा श्वास थाऱ्यावर येईपर्यंत त्याला काही सांगून उपयोग नसतो. म्हणजे कोचच्या हातातल्या बोर्डाला खरं काम करायला पंचवीसेक सेकंद मिळतात. बोर्ड चांगला की वाईट हे ठरवायची कसोटी हीच. जो बोर्ड या पंचवीसातले पाच सेकंद खातो, तो कितीही देखणा असला तरी घेऊ नये.

बाजारात तीन प्रकार मिळतात: चेन लावून मिटणारा चामडी दिसण्याचा चुंबकी बोर्ड, मार्करने लिहायची कडक प्लास्टिकची किंवा ॲक्रिलिकची हातपाटी, आणि टॅब्लेटवरचं ॲप. चौथा प्रकार घरी करायचा. तो यातल्या बऱ्याच विकतच्यांपेक्षा सरस ठरतो. त्याची मापं पुढे दिली आहेत.

हा मजकूर खास करून नुकतंच खेळणं थांबवून कोच झालेल्यांसाठी आहे. रेल्वे, पोलीस किंवा बँकेच्या संघातून दहा-बारा वर्षं खेळलेला, फारसा नावाजला न गेलेला, पण चार-सहा कोचांच्या हाताखालून गेलेला खेळाडू चांगला कोच होऊ शकतो. अमेरिकेत याचं उत्तम उदाहरण टायरन लू. एनबीए या तिथल्या व्यावसायिक लीगच्या १९९८च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तेविसाव्या क्रमांकावर निवडला गेलेला, जेमतेम सहा फुटी गार्ड. लेकर्स, विझर्ड्स, मॅजिक, रॉकेट्स, हॉक्स, मॅव्हरिक्स, बक्स आणि शेवटी पुन्हा मॅजिक. अकरा हंगाम, सात संघ. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात तसं. लेकर्सबरोबर २००० आणि २००१ अशी दोन विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो २००१च्या अंतिम मालिकेतल्या पहिल्या सामन्यात प्रतिस्पर्धी ॲलन आयव्हर्सन खाली पडलेल्या लूला ओलांडून गेला त्या क्षणामुळे. खेळणं संपल्यावर २००९मध्ये तो बोस्टनला डॉक रिव्हर्सच्या हाताखाली कामाला लागला आणि जानेवारी २०१६मध्ये क्लीव्हलँडचा मुख्य कोच झाला. त्याच वर्षी जूनमध्ये क्लीव्हलँडनं १-३ अशा पिछाडीवरून गोल्डन स्टेटला हरवून विजेतेपद घेतलं. आज टाइम-आउटनंतरच्या चालींसाठी जे कोच ओळखले जातात त्यांच्यात त्याचं नाव वरचं आहे.

संघ बदलत फिरलेल्या खेळाडूला एक गोष्ट आपोआप येते. तीच चाल प्रत्येक संघात वेगळ्या नावाने चालते, हे त्याला ठाऊक असतं. एका कोचची ‘चार’ ही दुसऱ्याची ‘मुठ्ठी’ असते. अशा माणसाचा नावांवर भरवसा नसतो, त्याला चित्र लागतं. पण इथेच त्याची पहिली अडचणही असते. खेळाडूने खेळ पाहिलेला असतो जमिनीवरून, डोळ्यांच्या उंचीवरून. समोरच्याचा खांदा, पाठीमागची हाक, डाव्या बरगडीला लागलेलं कोपर, अशा रूपात चाल त्याच्या अंगात असते. बोर्ड मात्र छतावरून पाहतो. अंगातली चाल छतावरून काढायला बसलं की नव्या कोचचं चित्र गर्दीचं होतं, कारण त्याला सगळंच आठवत असतं आणि सगळंच महत्त्वाचं वाटतं. योग्य बोर्ड ही चूक थोडी आवरतो, अयोग्य बोर्ड वाढवतो.

सगळ्यात आधी मोजपट्टी घ्या, कारण बहुतेक बोर्ड मापात मार खातात.

फिबाचं मैदान २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद. बोर्डावर छापलेलं पूर्ण मैदान २८ सेंटिमीटर लांब असेल तर एक मीटर म्हणजे एक सेंटिमीटर. आता त्यावर नेहमीची दोन सेंटिमीटर व्यासाची चुंबकी चकती ठेवा. मैदानावर ती दोन मीटर रुंदीचा माणूस झाली. पेंट, म्हणजे रिंगसमोरचा रंगवलेला पट्टा, ४.९ मीटर रुंद असतो, म्हणजे बोर्डावर ४.९ सेंटिमीटर, दोन चकत्या ठेवल्या की तो भरला. कोपऱ्यात तर अवस्था आणखी वाईट. तीन गुणांची रेषा कोपऱ्यात साइडलाइनपासून ९० सेंटिमीटरवर असते, म्हणजे बोर्डावर अवघ्या ९ मिलिमीटरवर. कोपऱ्यातला शूटर दाखवायला दोन सेंटिमीटरची चकती त्या पट्टीत बसतच नाही. ती एक तर रेषेच्या आत येते किंवा मैदानाबाहेर जाते. खेळाडू चित्र पाहून तसाच उभा राहतो. एक पाऊल आत उभा राहिला तर तीनऐवजी दोन गुण, शिवाय त्याच्यावरचा बचावपटू एक पाऊल पेंटजवळ राहतो. हल्ल्यात दोन खेळाडूंमध्ये साधारण चार ते साडेचार मीटर अंतर ठेवा असं सगळेच शिकवतात, आणि मग असा बोर्ड वापरतात ज्यावर ते अंतर दिसूच शकत नाही.

म्हणून पूर्ण मैदानाची बाजू फक्त प्रेस (मैदानभर दाबाचा बचाव), प्रेस-ब्रेक (तो फोडणं) आणि फास्ट ब्रेकसाठी (वेगानं पलटवार). बाकी सगळं अर्ध्या मैदानाच्या बाजूला. अर्ध मैदान १४ बाय १५ मीटर. ते २८ बाय ३० सेंटिमीटरवर छापलेलं असेल तर प्रमाण १:५० होतं आणि तीच चकती एक मीटरची होते. हे चालतं. ज्या बोर्डाच्या दोन्ही बाजूंना पूर्णच मैदान छापलं आहे, तो घेऊ नका. मागची बाजू कोरी असेल तर एक वेळ चालेल.

मैदानाच्या रेषा कुठल्या नियमांच्या आहेत तेही पाहा. ऑनलाइन मिळणाऱ्या पुष्कळ बोर्डांवर अजून जुना, खाली फाकलेला पेंट असतो. फिबानं तो २०१०मध्ये काढून आयताकृती केला आणि तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५वर नेली. काही बोर्डांवर एनबीएचं मैदान असतं. तिथली तीन गुणांची रेषा मध्यभागी ७.२४ मीटरवर आहे. चित्र काढताना फरक छोटा वाटतो, पण शाळेतली मुलं बोर्डावरच्या रेषेवर विसंबून जागा घेतात. रिंगखालचं १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ, जिथे उभ्या बचावपटूला धडक बसली तरी हल्लेखोरावर चार्जिंगचा फाउल मिळत नाही, ते असायलाच हवं. आणि एक खूण बहुतेक बोर्डांवर नसते: पुढच्या कोर्टातली थ्रो-इनची (बाहेरून चेंडू आत टाकण्याची) रेषा, एंडलाइनपासून ८.३२५ मीटरवर, टेबलाच्या विरुद्ध बाजूच्या साइडलाइनच्या बाहेर. शेवटच्या दोन मिनिटांत आपला चेंडू मागच्या कोर्टात असताना टाइम-आउट घेतला, तर तिथून थ्रो-इन घ्यायचा की मागूनच, हे कोचनं ठरवायचं असतं. पुढून घेतला आणि शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायला उरलेला वेळ दाखवणाऱ्या घड्याळावर) १४ किंवा जास्त सेकंद असतील तर घड्याळ १४वर येतं. १३ किंवा कमी असतील तर तेवढेच राहतात. हा निर्णय बोर्डासमोरच होतो. रेषा छापलेली नसेल तर बारीक कायमस्वरूपी मार्करनं ती स्वतः काढून वर पारदर्शक टेप लावा.

आता एकेक प्रकार.

मिटणारा चुंबकी बोर्ड दुकानात सगळ्यात भारदस्त दिसतो. आत चकत्या, मार्कर, पुसणी, कागदांचा कप्पा. सरावाच्या आधी बाकावर बसून, खेळाडूंना भोवती घेऊन झोन बचाव (माणसाऐवजी जागा राखणारा) कसा सरकतो ते दाखवायला याच्यासारखं साधन नाही, कारण चकती हलवता येते. चेंडू कोपऱ्यात गेला की पाचही जण कुठे सरकतात, हे मार्करनं दाखवायचं तर पाच बाण आणि गोंधळ. चकत्यांनी दाखवायचं तर पाच वेळा बोट. टाइम-आउटमध्ये मात्र हा बोर्ड अडचण करतो. चेन उघडा, पानं उलगडा, मागच्या वेळी सरकलेल्या चकत्या जागेवर आणा, आणि बारा सेकंद गेले. शिवाय चकती फक्त आत्ता कुठे आहे ते सांगते, कुठून आली ते नाही. चालीची वाट राहत नाही. दमलेल्या खेळाडूला ती वाट दिसावी लागते.

घेण्याआधी तीन चाचण्या करा. सगळ्या चकत्या लावून बोर्ड उभा धरा आणि जोरात हलवा. एक जरी घसरली तरी चुंबक अशक्त. चकतीवरचा आकडा हाताच्या लांबीवरून वाचता येतो का पाहा. गडद निळ्यावर काळा आकडा असेल तर संध्याकाळी दिव्याखाली दिसणार नाही. आणि घडी कुठे पडते ते पाहा: ती मध्यरेषेवरच पडायला हवी. घडीपाशी लेप तडकतो आणि तिथून शाई आत झिरपते. पहिला हंगाम संपेपर्यंत तिथे करडी रेघ उमटलेली असते. चकत्या दोन-तीन हरवणारच. बोर्डाबरोबर जादा चकत्या येत नसतील तर हार्डवेअरच्या दुकानातली छोटी गोल फेराइट चुंबकं आणून त्यांना रंगीत टेप लावा.

कडक हातपाटी हे टाइम-आउटचं खरं अवजार. एक हात खाली, एक हात लिहायला. जाडी साधारण तीन मिलिमीटर असावी. त्याहून पातळ पाटी गुडघ्यावर ठेवून लिहिताना वाकते आणि रेघ तुटते. वर क्लिप असेल तर फायदा आहे, पण ती पेंटच्या बाजूला नको. बेंचवर क्लिपमध्ये एकच कागद: दोन्ही संघांचे फाउल, उरलेले टाइम-आउट, आणि आपल्या सात-आठ चालींची नावं. फिबात पहिल्या अर्ध्यात दोन आणि दुसऱ्या अर्ध्यात तीन टाइम-आउट मिळतात, आणि शेवटच्या दोन मिनिटांत जास्तीत जास्त दोनच वापरता येतात. हा आकडा बोर्डावरच दिसला पाहिजे. सहायकाला विचारत बसायला वेळ नसतो.

पाटीत सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेषा पृष्ठभागाच्या वर छापल्या आहेत की खाली. वर छापलेल्या रेषा पुसण्याच्या घासण्यानं जातात. आधी फ्री थ्रोची रेषा, मग पेंटचा कोपरा, कारण तिथेच सगळ्यात जास्त लिहिलं-पुसलं जातं. दुकानात नखानं रेषेवरून आडवं जाऊन पाहा. उंचवटा लागला तर रेषा वर आहे. खाली छापलेली किंवा लॅमिनेटच्या आत असलेली पाटीच घ्या.

दुसरी गोष्ट चमक. आपल्याकडचे बहुतेक कोर्ट उघड्यावरचे. नागपाड्यातले असोत, शाळेच्या पटांगणातले असोत की जिल्हा क्रीडा संकुलातले, दुपारच्या उन्हात चकचकीत ॲक्रिलिक आरसा होतं आणि बाजूच्या दोन खेळाडूंना नुसता उजेड दिसतो. किंचित खरखरीत, मॅट पृष्ठभाग हवा. पण फार खरखरीत असेल तर शाई खोलात बसते आणि पुसल्यावर सावली राहते. बोट फिरवून पाहा: काचेसारखं गुळगुळीत नको, आणि फळ्यासारखं खडबडीतही नको.

मार्करकडे कुणी लक्ष देत नाही आणि टाइम-आउट सगळ्यात जास्त वेळा मार्करमुळेच वाया जातो. गोल टोकाचा, साधारण दोन मिलिमीटर रेघेचा मार्कर घ्या. तिरक्या टोकाचा मार्कर धरण्याच्या कोनाप्रमाणे जाड-बारीक होतो आणि नागमोडी रेघ त्यानं नीट येत नाही. दोन रंग पुरेत: हल्ल्याला काळा, बचावाला लाल. हिरवा आणि पिवळा घरी ठेवा. व्हाइटबोर्ड मार्करच्या शाईत असा एक घटक असतो की तिचा थर पृष्ठभागावर नुसता बसतो, चिकटत नाही. म्हणून शाई वाळायला दोन-तीन सेकंद द्यावे लागतात. ओल्यावर तळहात गेला तर डाग पसरतो. टोपण उघडं राहिलं की टोक सुकतं. मार्कर आडवा ठेवावा, टोक वर करून ठेवल्यास शाई मागे उतरते. बोर्डाला दोन काळे मार्कर बांधलेले असावेत, एक नाही. आणि पाटी दर सामन्याआधी कोरड्या कापडानं पुसा, कारण घामाचा आणि तेलकट बोटांचा थर बसला की शाई थेंबाथेंबानं गोळा होते आणि रेघ तुटक येते. तुटक रेघ म्हणजे पास! खेळाडूला वाटतं चेंडू दे, प्रत्यक्षात तुम्हाला त्याला धावायला सांगायचं असतं.

खुणा ठरलेल्या आहेत, त्या बदलू नका. सरळ रेघ आणि बाण म्हणजे चेंडूविना धाव. तुटक रेघ म्हणजे पास. नागमोडी म्हणजे ड्रिबल. रेघेच्या टोकाला आडवी दांडी म्हणजे स्क्रीन, बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवणं. रेघेवर दोन छोट्या दांड्या म्हणजे हातातून हातात चेंडू देणं. हल्ल्याचे आकडे, बचावाची फुली. चार कोचांच्या हाताखाली खेळलेल्या माणसानं चार तऱ्हा पाहिलेल्या असतात; त्यानं स्वतःची पाचवी काढू नये.

लिहिलेलं रात्रभर राहिलं तर सावली उरते. ती काढायला औषधाच्या दुकानातलं ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा थिनर कधीही नाही: त्यातलं ॲसिटोन ॲक्रिलिकला पांढुरकं करतं, तडे पाडतं आणि वर छापलेल्या रेषा विरघळवतं. चुकून कायमस्वरूपी मार्करनं लिहिलं गेलं तर त्यावरूनच व्हाइटबोर्ड मार्कर गिरवा आणि लगेच पुसा. बहुतेक वेळा दोन्ही निघून येतात.

टॅब्लेट सामन्याच्या आदल्या दिवशी सोन्यासारखा. चाल हलताना दिसते, ती साठवता येते, खेळाडूंच्या फोनवर पाठवता येते, प्रतिस्पर्ध्याच्या चालींचं पान तयार होतं. व्यावसायिक संघांत चालींची वही आता अशीच बनते. बेंचवर मात्र उन्हात पडदा दिसत नाही, घामेजल्या बोटाला दाद देत नाही, पावसाचे चार थेंब पडले की स्वतःहूनच रेघा काढतो. बेंचवर टॅब्लेट नेलात तरी पाटी सोबत न्याच.

घरी करायचा बोर्ड असा. ए-थ्री कागद ४२ बाय २९.७ सेंटिमीटरचा असतो. त्यावर अर्ध मैदान १:५० प्रमाणात जेमतेम बसतं: ३० सेंटिमीटर लांब बाजूला, २८ आखूड बाजूला. पेंट ९.८ रुंद, एंडलाइनपासून फ्री थ्रोची रेषा ११.६वर. रिंगचा मध्य एंडलाइनपासून ३.१५वर. त्या मध्यातून १३.५ त्रिज्येचा कंस काढा. कोपऱ्यात साइडलाइनपासून १.८वर सरळ रेषा. ती एंडलाइनपासून साधारण ६ सेंटिमीटर वर जाऊन कंसाला मिळते. रिंगखालचं अर्धवर्तुळ २.५ त्रिज्येचं. थ्रो-इनची खूण १६.६५वर. दुसऱ्या कागदावर पूर्ण मैदान १:७० प्रमाणात, म्हणजे ४० बाय २१.४ सेंटिमीटर. रेषा करड्या छापा, काळ्या नाही, म्हणजे वर काढलेला काळा मार्कर उठून दिसतो. दोन्ही कागद २५० मायक्रॉनच्या जाड लॅमिनेशनमध्ये घालून, मध्ये तीन मिलिमीटरची प्लायवूड किंवा फोमची शीट ठेवून पाठीला पाठ चिकटवा आणि कडेनं कापडी टेप फिरवा. टेप कंजूषपणे लावली तर कडेनं ओल शिरते आणि पहिल्या पावसाळ्यात कागद फुगतो. हे लॅमिनेट काही महिन्यांत सावल्या धरू लागतं. तेव्हा वरचा थर बदलायचा, बस्स.

आता बोर्डावर काय काढायचं, हे एका खऱ्या चालीवरून पाहू, कारण बोर्ड घेताना हीच चाल त्यावर काढून पाहावी.

१९ जून २०१६. वर सांगितलेल्या क्लीव्हलँड-गोल्डन स्टेट अंतिम मालिकेचा सातवा सामना, ८९-८९ बरोबरी, शेवटचं मिनिट चालू होण्याच्या बेतात. क्लीव्हलँडला हवं होतं एकच: आपल्या कायरी अर्व्हिंगसमोर गोल्डन स्टेटचा स्टीफन करी यावा. करी ज्याच्यावर होता त्या जे. आर. स्मिथनं स्क्रीन लावली, बचावानं माणसांची अदलाबदल केली, करी अर्व्हिंगसमोर आला, आणि ५३ सेकंद उरले असताना अर्व्हिंगनं उजव्या बाजूनं तीन गुणांचा बास्केट केला. अखेर ९३-८९.

ही चाल काढायला किती रेघा लागतात? तीन. आधी चेंडू असलेल्याचा आकडा. मग आपल्याला हवा असलेल्या बचावपटूची लाल फुली, आणि तो ज्याच्यावर उभा आहे त्या आपल्या खेळाडूचा आकडा. त्या खेळाडूपासून चेंडूपर्यंत रेघ आणि टोकाला दांडी, ही स्क्रीन. मग एक नागमोडी. उरलेले तिघे नुसते आकडे, दूर, कोपऱ्यांत आणि समोरच्या विंगवर (मैदानाच्या कडेला). त्यांच्यापासून एकही बाण नाही, कारण त्यांचं काम जागा सोडून न हलणं हेच आहे. नवा कोच इथे चुकतो. त्याला त्या तिघांनाही काहीतरी काम द्यावंसं वाटतं, बाण काढले जातात, आणि हलणाऱ्या शूटरबरोबर त्याचा बचावपटू मदतीला पेंटमध्ये पोचतो.

चूक कुठे होऊ शकते तेही त्याच चित्रात लाल रंगानं दाखवायचं. बचावपटू अदलाबदल न करता क्षणभर पुढे येऊन परत आपल्या माणसाकडे पळाला, तर काय? तेव्हा स्क्रीन लावणारा दांडीपर्यंत न थांबता आधीच रिंगकडे निसटतो: दांडीच्या अलीकडून एक तुटक आणि एक सरळ रेघ. एकूण पाच झाल्या. सहावी काढू नका. थ्रो-इनला पाच सेकंद असतात, म्हणून चेंडू आत घेणारा दुसरा खेळाडू कोण हे मात्र तोंडानं नक्की सांगा.

ही पाच रेघांची चाल ज्या बोर्डावर पंधरा सेकंदांत, कुठेही न पुसता काढता येते तो घ्यावा. दुकानात काढू देत नसतील तर घरी आल्यावर पहिल्या दिवशी घड्याळ लावून काढा आणि जमत नसेल तर परत करा.

धरायचं कसं, यावर कुठल्याच बोर्डाबरोबर चिठ्ठी येत नाही. अर्ध्या मैदानाच्या बाजूला रिंग नेहमी खेळाडूंच्या नजरेत वर असावी, आख्खा हंगाम तीच. समोर बसलेल्या कोचला त्यामुळे ती उलटी दिसते. उलटं काढायचा सराव करा, किंवा मांडीवर काढून मग फिरवा. चित्र फिरवल्यानं डावं-उजवं बदलत नाही, पण समोरासमोर बसलेल्या कोचचा डावा हात खेळाडूंच्या उजवीकडे असतो. म्हणून ‘डावीकडे जा’ असं बोलूच नये. ‘बेंचच्या बाजूला’ आणि ‘टेबलाच्या बाजूला’ किंवा, दोन्ही एकाच बाजूला असतील तेव्हा, ‘आपल्याकडे’ आणि ‘पलीकडे’. नव्या कोचचे निम्मे गोंधळ एवढ्यानं मिटतात.

आणि कधी कधी बोर्ड देऊन टाकावा. स्टीव्ह कर हाही फिरस्ताच होता: १९८८च्या ड्राफ्टमध्ये पन्नासावा, पंधरा हंगाम, सहा संघ. शिकागोत फिल जॅक्सनची त्रिकोणी चाल आणि सॅन अँटोनियोत ग्रेग पोपोविचचा पासिंगचा खेळ असं दोन्ही अंगात घेऊन तो गोल्डन स्टेटचा कोच झाला. फेब्रुवारी २०१८मध्ये फिनिक्सविरुद्धच्या सामन्यात त्यानं टाइम-आउट खेळाडूंच्या हवाली केले. आंद्रे इगुडाला आणि ड्रेमंड ग्रीन बोर्ड घेऊन चाली काढत होते. गोल्डन स्टेट १२९-८३ असं जिंकलं. आपल्या संघात हे करायला सरावाचा दिवस पुरे. पॉइंट गार्डच्या हातात पाटी द्या आणि कालची चाल काढायला सांगा. तो तुमच्या पाच रेघांतल्या कुठल्या दोन विसरतो ते पाहा. सामन्यात त्याच दोन रेघा मैदानावर दिसत नसतात. यासाठी पाटी हलकी आणि पडली तरी न फुटणारी हवी. म्हणून शाळेच्या आणि क्लबच्या संघाला ॲक्रिलिकपेक्षा लॅमिनेटची घरगुती पाटी द्यावी असं आमचं मत आहे. ॲक्रिलिक सिमेंटवर कोपऱ्यावर पडलं की तडकतं.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर कडक, मॅट, खाली छापलेल्या रेषांची, एका बाजूला अर्ध मैदान असलेली हातपाटी. दुसरी घ्यायचीच तर मिटणारा चुंबकी बोर्ड, फक्त सरावासाठी, आणि तो सामन्याच्या पिशवीत टाकू नका. पिशवीत पाटी, दोन काळे आणि एक लाल मार्कर, सुती कापडाचे दोन तुकडे, अल्कोहोलची छोटी बाटली, आणि पाटीच्या मापाची एक पारदर्शक प्लास्टिकची पिशवी. पाऊस आला तर पाटी तिच्यात घालून प्लास्टिकवरच लिहायचं. शाई त्यावरूनही पुसली जाते.